रिकामी येताना

मामा गाडीत बसायच्या आधी चपला काढायचे. देवळात काढतात तशा नव्हे. उगाच कोणी त्यात भक्तिभाव बघू नये. गाडी त्यांना तळपायाला लागायला हवी असायची. मध्ये रबर आलं की आपल्याला काय कळतंय, असं त्यांचं म्हणणं. चपला आमच्या वाडीच्या फाटकाशी, पाण्याच्या टाकीखाली ठेवायच्या आणि दादरला अनवाणी जायचं. मार्केटात चिखल असो, कुजका पाला असो, मामा तसेच. परत आले की टाकीवर पाय धुवायचे, चपला घालायचे आणि अर्नाळ्याची बस धरायला निघायचे. एकदा कुत्र्याने त्यातली एक पळवली. उरलेलीकडे बघत म्हणाले, "ही तरी कशाला ठेवली त्यानं."

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांच्या घरचे वाचतील, आणि हे त्यांच्या घरच्यांनी वाचावं एवढी माझी छाती नाही.

मी गिरीज गावची. केळी, नारळ, थोडा चाफा, थोडी भाजी अशी आमची वाडी आहे. वडील गेल्यापासून मीच बघते. मामा वडिलांचे ड्रायव्हर. म्हणजे वडिलांनी ठेवलेले, असं म्हणायचं. कोणी कोणाला ठेवलं होतं ते त्या दोघांनाच ठाऊक. मी कॉलेजात असताना ते पहिल्यांदा आमच्याकडे आले. टेम्पोभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं आणि वडिलांना म्हणाले, "गाडी बरी हाय. चालवनारा वाईट होता." चालवणारे म्हणजे वडील स्वतः. तरी ठेवलं.

मला ते बाय म्हणायचे. मी पंचेचाळिशीला आले, दोन मुलांची आई झाले, मजुरांवर ओरडून घसा बसायची पाळी आली, तरी बाय ती बायच. हिशेबी बोलणं त्यांना जमायचं नाही आणि गोड बोलणं तर त्याहून नाही. आमच्या यांनी एकदा कौतुकाने विचारलं, "काय मामा, तब्येत कशी?" तर मामा म्हणाले, "तुम्ही डॉक्टर हाय का?" आमचे हे मुंबईत ऑफिसात जातात, त्यांना असं उत्तर मिळायची सवय नाही. आठवडाभर धुसफुसत होते.

अर्नाळ्याचे कोळी असून मामा समुद्रावर जात नसत. तरुणपणी बोटीवर इंजिन बघायचे. एकदा खोल पाण्यात त्यांनी तांडेलाला, म्हणजे बोटीच्या मुख्याला, सांगितलं की इंजिन आज वेगळं बोलतंय, परत फिरू. तांडेल हसला. जाळं टाकायचं होतं. संध्याकाळी इंजिन बसलं ते बसलंच, बोट दोन दिवस वाहत राहिली. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं, कोणाला इजा झाली नाही. पण मामा किनाऱ्याला उतरले ते परत बोटीवर चढले नाहीत. "इंजिन बंद पडलं त्याचं काय नाय," मला एकदा सांगितलं होतं त्यांनी. "लोखंड हाय, कधीतरी बंद पडनारच. पन मी सांगतोय आनि तो हसतोय."

गाडी चालवताना ते बोलत नसत. कोणी बोललेलंही चालायचं नाही. गाणी तर नाहीच. हॉर्न वाजवायचा नाही, हा आणखी एक नियम. पुढे एखादा ट्रक रडतखडत चाललाय, मागून सगळे बोंबलतायत, मामा गप्प. वडील वैतागून म्हणायचे, "अरे, वाजव की." मामा म्हणायचे, "तो पुढं हाय म्हंजे त्याला माझ्यापेक्षा घाई हाय."  

काचेच्या खाली, डॅशबोर्डवर, त्यांचा एक स्टीलचा पेला असायचा. बरणीच्या झाकणाचं रबर खाली लावून घट्ट बसवलेला, अर्धा पाण्याने भरलेला. प्यायला नव्हे. पाण्यावर वलयं कशी उठतात ते बघायला. खड्ड्याचं पाणी वेगळं हलतं, इंजिनाचं वेगळं, चाकाचं वेगळं, असं ते सांगायचे. मला सगळं पाणी सारखंच दिसायचं. मी म्हटलं, जोरात ब्रेक मारला तर अंगावर सांडेल. "सांडू दे," म्हणाले. "पानीच हाय."

या वेडेपणाला वडील हसत नसत, त्याला एक कारण होतं. एकदा चाफ्याच्या टोपल्या भरून दोघे निघाले होते आणि वर्सोव्याच्या पुलाच्या अलीकडे मामांनी टेम्पो बाजूला घेतला. मागचं डावं चाक बोलतंय म्हणाले. वडिलांना काही ऐकू येईना, काही जाणवेना. ऊन चढत होतं, फुलं मान टाकत होती, वडिलांनी शिव्या घातल्या. मामा उतरून चाकापाशी बसून राहिले. शेवटी मिस्त्री आणला, त्याने चाक खोलून बघितलं, बेअरिंगचा चुरा झाला होता. पुलावर गेले असते तर चाक निघून खाडीत जायचं. त्या दिवशीची फुलं फुकट गेली. घरी आल्यावर वडील आईला म्हणाले, "गाडीचं याला विचारायचं. बाकी काही विचारायचं नाही." हे मी कानाने ऐकलेलं आहे. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

वडील गेले, मग दोनेक वर्षांनी टेम्पोची वयोमर्यादा संपली आणि तो भंगारात गेला. मी नवीन पिकअप घेतली. पांढरी. तिला हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबू चिरडलं तेव्हा मामांनी तोंड वाकडं केलं. "चारी खाली सारखी फुटली नाय," एवढंच म्हणाले. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. बाईच्या नावावरची आमच्या आळीतली ती पहिली पिकअप.

आता पाट्यांचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. गाडीच्या मागच्या चाकांवर लोखंडाच्या कमानदार पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. माल त्यांच्यावर तोलला जातो. कंपनी देते तेवढ्या पाट्यांवर कंपनी सांगते तेवढाच माल नेता येतो, आणि कंपनी सांगते तेवढा माल नेणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. केळीचे लोंगर, नारळाची पोती, शेजारच्या वाडीवाल्याचं 'एवढं घेऊन जा ना' म्हणून चढवलेलं सामान, सगळं एका खेपेत बसायला हवं. म्हणून नवीन गाडी शोरूममधून निघाली की घरी यायच्या आधी पाटेवाल्याकडे जाते. बारशाआधी कान टोचावेत तसं. दोन पाटे वाढवायचे, गाडी मागून चार बोटं उचलते, झालं. जुन्या टेम्पोलाही होते. सगळ्यांच्याच गाड्यांना असतात.

फक्त कंपनीच्या वर्कशॉपला ते दिसता कामा नयेत. दिसले की बाहेरचं काम केलंत म्हणून वॉरंटी गेली. म्हणून सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी पाटेवाल्याकडे जाऊन वाढवलेले पाटे काढायचे, वर्कशॉपमधून आली की परत बसवायचे. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. उलट पहिल्यांदा केलं तेव्हा आपण आता पक्क्या व्यापारी झालो असं वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मामा म्हणाले, "बाय, गाडी थरथरते."

"नवी गाडी आहे मामा, थोडी चालू दे."

"नवी का जुनी ते नाय. हायवेला सत्तरच्या वर गेली का थरथरते. रिकामी येताना."

"जाताना नाही?"

"भरलेली गप असते. रिकामी येताना मधून, खालून येतं. पायाला लागतं."

मी वर्कशॉपला वेळ घेतली. पाटे काढले, गाडी गेली. तिथला तक्रारी लिहून घेणारा मनुष्य तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, आधी माझ्या मागे बघितलं त्याने. "साहेब नाही आले?" मी म्हटलं, गाडी माझी आहे. मग त्याने माझ्याकडे बघून हळू हळू, सोप्या सोप्या शब्दांत बोलायला सुरुवात केली, जणू मी बालवाडीत आहे. चाकं बॅलन्स केली, हायवेला चक्कर मारून आणली, काही नाही म्हणाला. आम्ही पाटे परत बसवले. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "हाय तशीच हाय."

असं तीनदा झालं. दुसऱ्यांदा वर्कशॉपवाल्यांनी पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले. तिसऱ्यांदा एक टायर बदलून दिला, तोही तोंड पाडून. दर वेळी त्यांच्याकडे गाडी अगदी शहाणी. आमचे हे रविवारी पेपर वाचता वाचता म्हणाले, "हायवे सिमेंटचा झालाय ना, त्याची थरथर असते ती." मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग जाताना कुठं जाते? रस्ता एकच हाय." मला त्यांचा राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

तिसऱ्या फेरीनंतर मामांनी एक गोष्ट सांगितली. टाकीपाशी बसून, अगदी गंभीरपणे. म्हणाले, "वर्कशॉपला जाताना गाडी थरथरत नाय. रिकामी असते, सत्तरला असते, तरी गप असते. तिला कळतं डॉक्टरकडं चाललोय ते."

मी हसले. पोट धरून हसले. संध्याकाळी यांना सांगितलं, मग दोघे हसलो. सगळं उत्तर त्या दोन वाक्यांत होतं. त्यांना कुठून येतं ते कळायचं, का येतं ते कळायचं नाही; पण पाटे काढायला फोन मी करत होते, बसवायला मी सांगत होते. दोन अधिक दोन मला करता यायला हवे होते. मी केले नाहीत.

मी एकदा त्यांच्याबरोबर गाडीत बसलेसुद्धा. पहाटे, माल भरून. दहिसरपर्यंत पायाखाली हूं की चूं नाही. मला दहिसरला बहिणीकडे उतरायचं होतं. उतरताना म्हटलं, "मामा, काहीच तर नाही हो." ते पेल्याकडे बघत होते. "येताना बस ना, बाय," म्हणाले. "येताना कळंल." मी म्हटलं बघू, नंतर कधीतरी. बहिणीकडे जेवून दुपारी निवांत घरी आले. ते नंतर कधीतरी त्यांच्या नोकरीत आलंच नाही.

तिसऱ्या फेरीला वर्कशॉपचा तो इस्त्रीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "मॅडम, एक विचारू? ड्रायव्हरचं वय काय?" बस, एवढंच. पण ते डोक्यात शिरलं. मग चहा देताना माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. बशीत कप किणकिणत होता. आधीही किणकिणत असेल, मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी परत ऐकला. मग ऐकायलाच बसू लागले. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या हातातला कप किती किणकिणायला हवा याचं काही माप आहे का माझ्याकडे? नाही. पण मला एक उत्तर हवं होतं, जे मिळाल्यावर वर्कशॉपच्या खेपा थांबतील, आणि ते तिथे बशीत वाजत होतं.

त्यांना आगाशीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितलं. म्हणाले, "वयानुसार थोडी थरथर आहे, बऱ्याच जणांना असते. आजोबा, तुम्हाला जाणवते का?"

"मला गाडीची जाणवते," मामा म्हणाले.

डॉक्टर हसले. मी विचारलं, गाडी चालवली तर चालेल का? ते म्हणाले, "इतकी वर्षं चालवतायत ना? मला काही धोक्याचं दिसत नाही. पण तुम्हालाच शंका असेल तर तुम्ही ठरवा." यातलं मी शेवटचं वाक्य तेवढं उचललं आणि घरी घेऊन आले.

चावी मागितली तो दिवस मला नीट आठवतो, आठवायला नको असला तरी. ते टाकीवर पाय धूत होते. मी काय बोलायचं ते पाठ करून आले होते. मामा, आता आराम करा, दर महिन्याला काही ना काही पोचवत जाईन, डॉक्टर म्हणाले आहेत.

"डॉक्टर काय म्हनाले ते मी पन ऐकलं," ते म्हणाले. नळ बंद केला. मग विचारलं, "बाय, तुला पन वाटतं माझे हात हायत?"

मी हो म्हटलं. गोलमोल काही तरी म्हणता आलं असतं. पण मला वाटलं, स्पष्ट सांगितलेलं बरं, एकदाचं तुटू दे. "हो मामा. हातच आहेत. गाडीत काही नाही, तीन तीनदा बघितली त्यांनी."

त्यांनी हात पुढे धरले, उलटे केले, परत सुलटे केले. तांडेल हसला तेव्हा बोट सोडणारा हा माणूस. मला वाटलं होतं आता मलाही चार सुनावेल, पाठ फिरवून जाईल. मनातून मी त्याची तयारी केली होती. तसं काही झालं नाही. "असंल," म्हणाले. "तू बघितलं असशील म्हंजे असंल." चावी दिली. डावा दरवाजा जरा उचलून लावावा लागतो, जॅक सीटच्या मागे आहे, ते सांगितलं. पेल्यातलं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं आणि पेला पिशवीत टाकून गेले.

नवा ड्रायव्हर ठेवला. विरार पूर्वेला राहणारा, चाळिशीचा, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणारा, हॉर्नवर हात ठेवूनच बसणारा. तक्रार एक नाही. मला हायसं वाटलं. मी यांना म्हटलंसुद्धा, बघा, एक महिना झाला, गाडीच्या तक्रारीचं नाव नाही.

दिवाळीच्या आधी आगाशीच्या बाजारात मामा दिसले. पायात चपला होत्या. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि रिक्षा जाईपर्यंत भिंतीला टेकून उभे होते. इतक्या रस्त्यांवर गाडी घातलेला माणूस. मला बघून पहिलं विचारलं ते हेच: "गाडी कशी हाय?"

"छान आहे मामा. नवा ड्रायव्हर आहे, काही तक्रार नाही त्याची."

"थरथरत नाय?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग हातच म्हंजे." आणि माझं समाधान व्हावं म्हणून की काय, थोडं हसले. मीही हसले. घरी येताना मला चक्क बरं वाटत होतं, की त्यांनाही पटलं. आता ते आठवलं की जेवण जात नाही मला.

पुढच्या गणपतीनंतर मला दादरला व्यापाऱ्याला भेटायला जायचं होतं. जाताना ट्रेनने गेले, येताना म्हटलं गाडी रिकामीच परततेय, तिच्यातून जाऊ. दहिसरपर्यंत गर्दी होती, वर्सोव्याचा पूल ओलांडेपर्यंत रखडलो. मग रस्ता मोकळा मिळाला, ड्रायव्हरने पाय दाबला आणि सत्तरच्या पुढे काटा गेला तशी गाडी पायाखाली थरथरायला लागली. खडखड नव्हे. बारीक, एकसारखी, खालून, मधून. सीटमधून पाठीत चढत होती. समोरच्या आरशात मागचा रस्ता पुसट झाला. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ही होय?" त्याने गाणं जरा कमी केलं. "ही असतेच मॅडम. रिकामी असली की सत्तरच्या वर हलते. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"बोलला का नाहीस?"

"गाडी चालतेय ना."

मी त्याला गाडी थेट पाटेवाल्याकडे न्यायला सांगितली. पाटेवाला वेल्डिंग सोडून उठला, चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकलासुद्धा नाही. "थरथरणारच ताई. पाटे वाढवले की गाडी मागून उचलते, मग इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा मधला शाफ्ट तिरका फिरतो. माल भरला की गाडी खाली बसते, शाफ्ट सरळ होतो, थरथर गेली. सगळ्यांच्या गाड्या थरथरतात. कोणी विचारत नाही."

"जुन्या टेम्पोला तर असं नव्हतं."

"तो साठच्या वर जायचा का?"

जायचा नाही.  मग विचारलं, आमचे आधीचे ड्रायव्हर होते, म्हातारे, त्यांनी कधी तुम्हाला काही विचारलं नाही?

"ते अनवाणी यायचे ते? विचारलं नाही. एकदा म्हणाले, वर्कशॉपला जाताना गाडी गप्प असते." तो आठवून हसला. "मला वाटलं म्हातारा गंमत करतोय."

पाटे लगेच काढून टाका म्हणणार होते. पण म्हटलं, नको. आधी त्यांना दाखवायचं. त्यांच्या पायाखाली ती थरथर द्यायची आणि मग माफी मागायची. हे मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मी स्वतः अर्नाळ्याला गेले. दारात त्यांची सून सुकी मच्छी निवडत होती. म्हणाली, "बरं झालं आलात. कोनाशी बोलत नाय आता. आधी जाळी तरी विनायचे, ते पन सोडलं. मी म्हनते, बाबा, टाके सरळ पडतात तुमचे, तर म्हनतात, आज पडतात." चहासुद्धा कपातून घेत नाहीत, वाटी जमिनीवर ठेवून वाकून पितात, म्हणजे कोणाला हात दिसू नयेत.

मामा मागच्या पडवीत होते. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. पाटे, शाफ्ट, कोन, वर्कशॉपला जाताना का गप्प असायची ते. म्हटलं, मामा, तुमचंच खरं होतं, माझी चूक झाली, मी तुमचं ऐकलं नाही. मला रडू आलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, पण अर्ध्यावरून मागे घेतला.

"बापावर गेलीस तू," म्हणाले. "मन राखतेस."

"मन नाही राखत मामा. गाडी बाहेर उभी आहे. चला, दाखवते."

नको नको म्हणत होते. सुनेनेच त्यांना उठवलं. गाडीत बसले, पण माझ्या शेजारी, पाहुण्यासारखे अंग चोरून. मी कधी हायवेला गाडी घालत नाही, मला भीती वाटते. त्या दिवशी घातली. गाडी रिकामी. विरार फाट्यावरून मनोरच्या दिशेला रस्ता मोकळा होता. साठ, पासष्ट, सत्तर. आली. पायाखाली आली, सीटमध्ये आली, स्टिअरिंग माझ्या हातात बारीक बारीक थरथरायला लागलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी ओरडूनच म्हटलं, "लागतेय ना मामा? हीच ना ती?"

त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांच्या मधे खुपसले होते आणि गुडघे एकमेकांवर दाबून धरले होते. मान खाली. कपाळावर घाम.

"आवरतोय, बाय," म्हणाले. "दोन मिंटं दे. होतं कमी."

मी वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. सगळं थांबलं. म्हटलं, "बघा, थांबलं की नाही? गाडी थांबली तशी थांबलं. गाडीच होती मामा."

"हां," म्हणाले. "स्वस्थ बसलो का थांबतं."

मग मी परत सांगितलं. एकदा, दोनदा. पाटेवाल्याकडे नेऊन दाखवते म्हटलं. ते होय होय म्हणत राहिले, लहान मुलाला म्हणतात तसं, आणि मग म्हणाले, "घरी सोड आता. सुनेला काळजी लागंल."

मी गाडी वळवली. अर्नाळ्यापर्यंत चाळीसच्या वर गेले नाही. चाळीसला ती गाडी थरथरत नाही. मामांनी हात बाहेर काढले नाहीत.